मिसळलेले वेगळे कसे करावे? : खारपाणपट्ट्याच्या पाण्यावरून एक विज्ञानपाठ



स्मरणिकेत आठवणींचे आणि गौरवाचे लेख असतातच. त्यांच्या जोडीला मुलांच्या वहीत उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासाचा लेख असावा, असा आमचा आग्रह असतो. या वेळी आम्ही मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या भौतिक पद्धती हा विषय घेतला आहे. शाळेच्या पुस्तकात हा धडा लहान आहे. परीक्षेत त्यावर दोन-चार गुणांचा प्रश्न येतो, मुले पद्धतींची नावे पाठ करून लिहितात आणि पेपर संपला की विसरून जातात. आम्हीही तसेच विसरलो होतो. त्याची किंमत आम्हांला रोख पैशांत मोजावी लागली, म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

दर्यापूर तालुक्यातील एका गावी आमच्या काही नातेवाइकांची वस्ती आहे. तेथील बोअरचे पाणी खारे. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, अंगाला साबण लावला तर फेस येत नाही. वस्तीने घरटी वर्गणी काढली, आम्हीही आमचा वाटा घातला आणि एक गाळणयंत्र विकत आणले. निळ्या रंगाची उंच टाकी, आत खडी, वाळू आणि कोळसा यांचे थर. बसवायला आलेल्या माणसाने नाल्याचे गढूळ पाणी एका बाजूने ओतले, दुसऱ्या बाजूने काचेसारखे पाणी निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बोअरचे पाणी सोडले. ते आत गेले तेव्हा स्वच्छ होते, बाहेर आले तेव्हाही स्वच्छ होते, आणि होते तेवढेच खारट होते. चार-आठ दिवसांत गोड होईल असे आश्वासन मिळाले. आठ दिवसांनी आश्वासन देणाराही मिळाला नाही. वर्गणी देणाऱ्यांत आम्ही दोघे-तिघे विज्ञानाचे पदवीधर होतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

त्या माणसाने लबाडी केली असेल, पण त्याने दाखवलेला प्रयोग खोटा नव्हता. गढूळ पाणी खरेच स्वच्छ झाले होते. चूक आमची, की गढूळ पाणी आणि खारे पाणी ही दोन वेगळ्या जातीची मिश्रणे आहेत हे आम्ही त्या वेळी ध्यानात घेतले नाही. हा सगळा लेख त्या एका फरकाविषयी आहे.

आता पाठाला सुरुवात करू. दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र आले, पण त्यांतून नवा पदार्थ तयार झाला नाही आणि प्रत्येकाने आपापले गुणधर्म कायम राखले, तर त्यास मिश्रण म्हणतात. गव्हात खडे मिसळले तरी गहू गहूच राहतो आणि खडा खडाच. पाण्यात मीठ विरघळले तरी पाण्याची ओल आणि मिठाची चव दोन्ही शाबूत राहतात. गुणधर्म शाबूत राहतात, म्हणूनच ते वेगळे करता येतात. दोन घटकांत कोणत्या गुणधर्माचा फरक आहे तो शोधायचा आणि त्या फरकाला धरून त्यांना वेगळे करायचे. आकाराचा फरक असेल तर चाळणी, वजनाचा असेल तर वारा किंवा पाणी, चुंबकीय गुणाचा असेल तर चुंबक, उकळण्याच्या तापमानाचा असेल तर उष्णता. नवीन पदार्थ न बनवता हे काम होते, म्हणून यांस भौतिक पद्धती म्हणतात.

या पद्धती आपल्या आया-आजींना पुस्तकाशिवाय येत होत्या. खळ्यावर ज्वारीची उफणणी चालते (आपल्याकडे उपणणी म्हणतात), तेव्हा तिवईवर उभा राहिलेला माणूस टोपले एकदम उपडे करत नाही. धार धरतो. वारा पडला की थांबतो, वारा आला की पुन्हा धार सोडतो. जड दाणा सरळ पायाशी पडतो आणि हलके भूस चार हात दूर जाऊन पडते. मळणीयंत्रात पंखा लावलेला असतो, तो हेच काम करतो. फक्त वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. सुपाची करामत याहून बारीक आहे. पाखडताना बाई सुपाला एक झटका देते, त्या झटक्याने हलका कचरा पुढच्या कडेवरून उडून जातो, आणि लगेच सूप तिरपे करून घोळते तेव्हा जड खडे एका कोपऱ्यात जमतात. एकाच साधनाने हलके आणि जड असे दोन्हीकडचे नको असलेले घटक काढणे, हे यंत्रालाही सहज जमत नाही. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तुरीची टरफले काढल्यावर जे पंखे आणि एकाखाली एक चाळण्या लावलेल्या असतात, त्या म्हणजे सुपाचीच मोठी भावंडे होत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान प्रमाणावर डाळ करण्यासाठी जी पीकेव्ही मिनी दाल मिल तयार केली, तिच्यातही आधी सोलणे-भरडणे आणि मग डाळ, टरफल व चुरी वेगळी करणे, असाच क्रम आहे.

वऱ्हाडात राहून कापसाचा उल्लेख न करता हा विषय पुढे नेणे बरे नव्हे. आपण ज्याला कापूस म्हणतो ते रुई आणि सरकी यांचे जोडलेले रूप आहे. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी, आणि थोडी घट. पूर्वी घरोघरी लाकडी रेच्यावर हे काम होई. दोन लाटांमधून तंतू पलीकडे जातो, पण सरकी जाड असल्यामुळे अलीकडेच अडते. येथेही फरक आकाराचाच. अमेरिकेत १७९३ साली एली व्हिटनेने तारेच्या दातांची जिन बनवली. दातांनी तंतू ओढले जातात आणि फटीतून सरकी जाऊ शकत नाही. १८४० साली मॅकार्थीने रोलर जिनचे पेटंट घेतले. रोलर जिनमध्ये तंतू कमी तुटतात, म्हणून आपल्याकडच्या जिनिंगमध्ये रोलरच रुळले. जिनिंगवाल्यांना आणखी एका पद्धतीची गरज पडते. कापसात खिळा, तार किंवा लोखंडाचा तुकडा आला तर यंत्रात ठिणगी पडते आणि रुईच्या ढिगाला आग लागते. त्यासाठी कापसाच्या वाटेवर चुंबक बसवतात. पुस्तकात लोहकीस आणि गंधक यांचे उदाहरण असते. आमच्या मुलांनी उत्तरपत्रिकेत हे जिनिंगचे उदाहरण लिहावे. एक खबरदारी मात्र घ्यावी. पेरणीच्या सरकीवरचे बारीक तंतू काढण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल लावतात. तेथे तंतू आम्लाने जळून जातात, त्याचे रूप बदलते. ती रासायनिक क्रिया आहे, भौतिक नव्हे. परीक्षक असे प्रश्न मुद्दाम घालतात.

आता पाण्याकडे वळतो.

पावसाळ्यात नाल्याचे पाणी चहासारखे दिसते. त्यात मातीचे कण तरंगत असतात, विरघळलेले नसतात. अशा मिश्रणास निलंबन म्हणतात. भांडे हलवले नाही तर जाड कण तळाशी बसतात. हे निवळणे होय. वरचे पाणी अलगद ओतून घेतले की काम झाले. पण आपली काळी माती फार बारीक आणि चिकण. तिचे सूक्ष्म कण दोन-दोन दिवस खाली बसत नाहीत, कारण त्यांच्यावर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो व ते एकमेकांस दूर ढकलतात. तुरटीचा खडा पाण्यात फिरवला की हे कण एकत्र येऊन त्यांचे गोळे होतात आणि वजनाने खाली बसतात. त्यानंतर गाळणे. कापड, वाळू, खडी, कोळसा, सच्छिद्र मातीची कांडी, यांपैकी काहीही घ्या; तत्त्व एकच की छिद्रापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान पलीकडे जातो.

गाळण्याच्या बाबतीत येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो, कारण आपल्या वाचकांना ते आवडेल. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर, पात्र, वस्तरा, सुई यांच्या पंक्तीत परिस्सावण आहे. परिस्सावण म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र. विनयात ते सांगण्यामागे पाण्यातील बारीक जीव मरू नयेत हा करुणेचा हेतू होता. गाळणाऱ्याच्या प्रकृतीलाही त्याचा लाभ होतो, याचे प्रमाण अलीकडचे आहे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीचे किमान चार पदर करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. पटकीचा जंतू एकटा असताना कापडातून सहज पार होतो. पण तो पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी कापडात अडतात. नवी साडी घेतली तर तिची छिद्रे मोठी असतात. जुनी, धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटलेली साडी अधिक चांगली.

मग खारे पाणी का गाळले जात नाही? मीठ पाण्यात विरघळते, तेव्हा त्याचा कण राहत नाही. सोडियम आणि क्लोरीन यांचे आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंमध्ये सर्वत्र सारखे पसरतात. हे समांगी मिश्रण, म्हणजेच द्रावण. वरचा थेंब आणि तळाचा थेंब सारखाच खारट. हे आयन इतके लहान असतात की साडी, वाळू वा मातीची कांडी त्यांच्या दृष्टीने उघडे दारच. त्यांस खाली बसायला वजन नाही, म्हणून निवळत नाहीत. तुरटी फिरवली तर क्षार कमी होत नाही. तुरटी स्वतः एक क्षार आहे, तेवढी भरच पडते. आमच्या निळ्या टाकीचे अपयश या चार ओळींत आले. आम्ही वर्गणी देण्याआधी या चार ओळी आठवायला हव्या होत्या.

या खाऱ्या पाण्याचा मुलूख किती मोठा आहे हे नकाशावर पाहावे. तापीची उपनदी पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहते. तिच्या दोन्ही अंगांस गाळाच्या जमिनीचा जो पट्टा आहे, तो खारपाणपट्टा. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतील पुष्कळ गावे त्यात येतात. क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर सांगितले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरी गोड आहेत. जसजसे दक्षिणेस पूर्णेकडे यावे तसतसे पाणी खारट होत जाते. गाळाचे थर जाड, माती चिकण, निचरा थोडा आणि उन्हाळा कडक. जमिनीतील ओल वर येऊन वाफ होते, क्षार मागे राहतात. निसर्गानेच येथे शतकानुशतके बाष्पीभवनाची पद्धत चालवली आहे.

अशा मुलखात गोडी विहीर म्हणजे गावची दौलत. ती कोणासाठी उघडी होती आणि कोणाच्या वाट्याला खारी विहीर होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आमच्या आजीने जन्मभर खारे पाणी प्यायले. गोड्या पाण्यासाठी तिला विहिरीपासून दूर उभे राहून कोणीतरी ओंजळीत वरून ओतण्याची वाट पाहावी लागे. म्हणून आमच्या लेखी हा धडा केवळ रसायनशास्त्राचा नाही.

या खाऱ्या विहिरींतून पूर्वी मीठ काढले जाई. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडात मीठ पिकत होते, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. १८८२ च्या मीठ कायद्याने मिठाचे उत्पादन व विक्री सरकारच्या मुठीत होती. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून तो कायदा मोडला. वऱ्हाडच्या लोकांनी किनारा कोठून आणावा? त्याच एप्रिल महिन्यात त्यांनी अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदेभंग केला. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर तो बाष्पीभवनाचा जाहीर प्रयोग होता. द्रावणातील पाण्याची वाफ होऊन जाते. मिठाची वाफ त्या उष्णतेला होत नाही, म्हणून ते भांड्यात उरते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण याहून मजेदार आहे. अशनीच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेल्या या विवरातील सरोवराचे पाणी खारट आणि सोड्याचे आहे. उन्हाळ्यात पाणी आटे, तेव्हा काठावर क्षार साचत आणि ते गोळा करण्याचा पूर्वी मोठा उद्योग होता. काच आणि साबण करण्यासाठी ते जात. गोळा करणारे त्या क्षारांना एकच नाव देत नसत. दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची वेगवेगळी नावे होती. सर्वच क्षार एका वेळी घन होत नाहीत. पाणी आटत जाते तसतसा जो क्षार कमी विरघळणारा तो आधी बाहेर पडतो, जास्त विरघळणारा मागून. ही क्रमवार स्फटिकीकरणाची पद्धत होय. प्रयोगशाळेत ती काचेच्या बशीत करतात, लोणारला ती सरोवरभर होत असे.

बाष्पीभवनाने मीठ मिळते, पण आपल्याला तर पाणी हवे आहे. येथे एक गैरसमज घरोघरी आढळतो, तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पुष्कळ जण म्हणतात, पाणी उकळून प्यावे म्हणजे खारटपणा जातो. आमच्या आजीला हे कधीच पटले नाही. ती म्हणे, "पाणी उकयलं तं खार जाते का रे पोरा? आटलं तं अजूनच खारं होते बाप्पा." आजीचे म्हणणे आकड्यांत मांडू. समजा, एका लिटर पाण्यात ३,००० मिलिग्रॅम क्षार आहेत. दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम झाले. उकळून दोन लिटर वाफ उडून गेली, तर ३० ग्रॅम क्षार आठ लिटरमध्ये राहिले. म्हणजे लिटरमागे ३,७५० मिलिग्रॅम. उकळण्याने जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळावे. जडपणाचा काही भाग पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने भांड्याला चिकटतो, तोही कमी होतो. पण मीठ कमी होत नाही, दाट होते.

उडून जाणारी वाफ धरून थंड केली तर मात्र गोडे पाणी मिळते. हे ऊर्ध्वपातन. बॅटरीत घालायचे पाणी असेच करतात. सूर्याच्या उष्णतेवरही ते करता येते. काळ्या रंगाच्या उथळ टाकीत खारे पाणी ठेवून वर तिरपी काच बसवली की वाफ काचेच्या आतल्या बाजूस जमते आणि ओघळून पन्हळीत येते. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली अशा सौर टाक्यांचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि तेथे दिवसाला सुमारे २२ हजार लिटर पाणी मिळत असे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, उन्हाची टंचाई नाही. अडचण अशी की एक चौरस मीटर काचेमागे दिवसाला दोन ते चार लिटरच पाणी मिळते. एका घराच्या पिण्यापुरते जमेल. गावासाठी मैदान लागेल. पाऊस म्हणजे तरी काय, सूर्याने समुद्रातून उचललेले ऊर्ध्वपातित पाणीच. म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणे आणि शेतकऱ्यांनी शेततळे खोदणे यांस आम्ही या पट्ट्यातील सर्वांत शहाणपणाचे उपाय समजतो. वान धरणावरील ८४ खेडी योजना किंवा शहानूर धरणाचे पाणी नळाने खाली आणणे, यांतही तत्त्व तेच. खाऱ्यातून गोडे काढण्यापेक्षा, खारे होण्याआधीच गोडे अडवायचे. नळ रोज यावा एवढीच लोकांची मागणी असते, आणि ती रास्त आहे.

अलीकडे गावोगावी आर.ओ. यंत्रे आली. पाच रुपयांचे नाणे टाकले की कॅन भरतो. आर.ओ. म्हणजे व्यस्त परासरण. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण बाहेरचे पाणी तिच्या सालीतून आतल्या गोड द्रावणाकडे जाते. हे परासरण. खाऱ्या बाजूने पंपाचा दाब देऊन हीच वाट उलटी केली की पाणी पडद्यातून पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे राहतात. हा पडदा साध्या गाळण्यासारखा नव्हे. विरघळलेले आयन अडवणारा आहे. म्हणून आर.ओ. खाऱ्या पाण्यावर चालते आणि आमची निळी टाकी चालली नाही. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात आणि दुकानदार दोन्हींना फिल्टरच म्हणतो. तेव्हा विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: हे विरघळलेले क्षार काढते काय, आणि माझ्या बोअरच्या पाण्यावर ते आत्ता माझ्यासमोर करून दाखवाल काय? नाल्याचे पाणी त्याने स्वतः आणले असेल तर ते बाजूला ठेवायला सांगावे.

अलीकडे अडलेल्या क्षारांचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. दहा लिटरमधील ते ३० ग्रॅम पुन्हा घेऊ. समजा चार लिटर गोडे पाणी निघाले आणि त्यात जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम क्षार गेला. तर बाकीचे एकोणतीस ग्रॅमहून अधिक क्षार उरलेल्या सहा लिटरमध्ये आहेत, म्हणजे ते पाणी लिटरमागे जवळजवळ ४,९०० मिलिग्रॅम इतके खारट झाले. घरगुती यंत्रांत तर एक लिटर पिण्याचे पाणी मिळवताना दोन-तीन लिटर पाणी असे बाहेर पडते. ते नाल्यात सोडले की मुरून पुन्हा त्याच जमिनीत. वेगळे करणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. आम्ही पाहिलेल्या एका गावात यंत्राचे टाकाऊ पाणी थेट जुन्या विहिरीशेजारी सोडलेले होते. ते फरशी पुसायला, शौचालयात टाकायला वापरता येते. झाडांना घालू नये.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ते विभक्ती नरसाळ्याने वेगळे होतात. जड पाणी खालच्या तोटीने आधी काढून घ्यायचे. दुधातील साय यंत्राने काढतात ती अपकेंद्री पद्धत. शाईतील रंग खडूवर किंवा गाळणकागदावर चढताना वेगळे होतात ती रंजकद्रव्य पृथक्करण पद्धत. काळ्या स्केचपेनने घरी करून पाहावी, काळ्यातून निळा, जांभळा निघालेला पाहून लहान मुले खूश होतात. घन तापवल्यावर द्रव न होता थेट वायू होतो ते संप्लवन. त्यासाठी बहुतेक पुस्तके नवसागराचे उदाहरण देतात. काटेकोरपणे पाहता तापलेल्या नवसागराचे दोन वायूंत विघटन होते आणि थंड होताना ते पुन्हा एकत्र येतात. म्हणून उदाहरण कापराचे द्यावे.

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न असा: कापूर, लोहकीस, वाळू आणि मीठ यांचे मिश्रण वेगळे करा. क्रम चुकला की गुण जातात. प्रथम चुंबक फिरवून लोहकीस काढावा. मग मंद आचेवर तापवून कापराची वाफ उपड्या नरसाळ्यात थंड करून घ्यावी. कापूर पेट घेतो, तेव्हा ज्योत थेट लावू नये. उरलेल्यात पाणी घालून ढवळावे, मीठ विरघळेल, वाळू विरघळणार नाही. गाळून वाळू घ्यावी. खाली आलेले द्रावण आटवून मीठ घ्यावे. प्रत्येक पायरीला कोणत्या गुणधर्माचा फरक वापरला ते कंसात लिहावे.

आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत एक प्रयोग केला, तो कोणालाही करता येईल. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे एक लिटर पाणी पूर्ण आटवले तर उरणारी भुकटी अर्ध्या ग्रॅमच्या आत असावी, आणि काही झाले तरी दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये. मुलांनी स्टीलची एक लहान वाटी आधी कोरडी वजन केली. एक लिटर पाणी तिच्यात थोडे थोडे घालत मंद आचेवर आटवले, आणि शेवटी वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवली, म्हणजे क्षार उडून बाहेर पडत नाहीत. पुन्हा वजन केले. नळाच्या पाण्याने वाटीला नुसता पांढुरका डाग पडला. बोअरच्या पाण्याची वाटी पापडीने भरली.

प्रश्न होता वजनाचा. किराणा दुकानाच्या काट्यावर एवढे हलके वजन कळत नाही, म्हणून मुले सोनाराकडे गेली. सोनाराने आधी हसून उडवून लावले. मग काट्यावर वाटी ठेवली, आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि विचारले, "हे कोणत्या बोअरचे?" मुलांनी सांगितले. त्याने चिमूटभर भुकटी जिभेला लावून पाहिली, तोंड वाकडे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरच्या पाण्याची बाटली भरून तो मुलांकडे आला.